चार जीबीची होळी

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी काही ना काही हरवतंच. कुणाची किल्ली, कुणाची पावती. गेल्या दिवाळीत मी काय हरवलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

झालं असं की टेबलाचा खण आवरताना एक जुनं मेमरी कार्ड सापडलं. एसडी कार्ड, चार जीबीचं. मागे आमच्याकडे जो छोटा डिजिटल कॅमेरा होता, त्यातलं. कॅमेरा केव्हाच बिघडून भंगारात गेला होता. इकडे नातवाची भुणभुण चालू होती, की आजोबा, गाडीत माझी गाणी हवीत. आमच्या जुन्या गाडीतल्या म्युझिक सिस्टीमला नेमकी एसडी कार्डाची खाच आहे. म्हटलं, बरं झालं, कामाला आलं.

कार्ड घरच्या संगणकात घातलं. पडद्यावर चौकट आली : ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? आता तुम्हीच सांगा, यंत्र इतकं नम्रपणे विचारत असताना माणूस काय करतो? मी 'हो' म्हणालो. त्याने पुन्हा बजावलं, की यातलं सगळं पुसलं जाईल. मी पुन्हा 'हो' म्हणालो. नाहीतरी कार्ड उघडत नव्हतं, म्हणजे त्यात काही नसणार, असा माझा हिशोब. पाच-सात सेकंदांत काम फत्ते. नातवाने त्यावर साठेक गाणी चढवली आणि आम्ही दिवाळीत ती ऐकत फिरलो.

जानेवारीत एका संध्याकाळी फोन आला. "सर, ओळखलंत का?"

आवाज ओळखला नाही, पण नाव सांगितल्यावर चेहरा लगेच डोळ्यांसमोर आला. (नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.) नंदुरबार जिल्ह्यात मोलगीच्या बाजूला एका आश्रमशाळेत मी अकरा वर्षं शिकवत होतो, तेव्हाची विद्यार्थिनी. आता एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सर, माझे वडील गेले. पावसाळ्यात." मी गप्प. मग ती म्हणाली, "तुम्ही काठीच्या होळीला त्यांचा व्हिडिओ काढला होता ना? तो आहे का? आमच्याकडे त्यांचा फोटो फक्त आधार कार्डावरचा आहे."

आधार कार्डावरचा फोटो कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, याचा तिथे सगळ्यांना अभिमान. पण म्हणून त्या कार्डावरचा माणूस आपल्या माणसासारखा दिसतो, असं नाही.

मी म्हणालो, "आहे, आहे, शोधून पाठवतो." फोन ठेवला आणि पोटात खड्डा पडला. तो व्हिडिओ होता त्याच चार जीबीच्या कार्डात. त्याची एक प्रत जुन्या संगणकात होती, पण त्याची हार्डडिस्क काही वर्षांपूर्वीच गेली होती. तेव्हा मी घरात शान मारली होती, की काळजी नको, कार्डावर सगळं आहे!

थोडं काठीबद्दल सांगायला हवं. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला जायचं, तिथून जवळच काठी. सातपुड्यातलं हे गाव एके काळी भिल्ल संस्थानिकांचं ठाणं होतं, म्हणून इथल्या होळीला राजवाडी होळी म्हणतात. ही होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असं तिथले लोक सांगतात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. खरेदीला सगळा डोंगर खाली उतरतो. मग पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतले पाडे काठीकडे चालू लागतात. साठ-सत्तर फूट उंचीचा बांबू आणलेला असतो. त्याच्यासाठी खड्डा खणायचा तो हातांनी, अवजार लावायचं नाही. रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या सुमाराला.

या होळीत नवस फेडणारे पुरुष 'बावा' होतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि मोठाले घुंगरू. त्याआधी काही दिवस 'पालनी' पाळावी लागते. खाटेवर झोपायचं नाही, जमिनीवर झोपायचं, जेवणाखाण्याचे नियम कडक, बायकोपासून लांब राहायचं. गंमत वाटते बघणाऱ्याला, पण बावा होणं ही गंमत नाही. माणूस त्या दिवसांत कुणासाठी तरी काहीतरी सोडत असतो.

या मुलीचे वडील २०१२ च्या होळीत बावा झाले होते, ते तिच्यासाठी. सहावीत असताना तिला कावीळ झाली होती आणि ती वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. वाचली, तेव्हाचा नवस. पण बाप बावा होऊन नाचला त्या वर्षी नेमकी हिची दहावीची परीक्षा चालू होती, आणि आम्ही शिक्षकांनी दहावीच्या मुलांना होळीला सोडलं नाही. ती रडली होती. मी तिला शब्द दिला, की तू अभ्यास कर, मी जातो आणि तुझ्यासाठी व्हिडिओ काढून आणतो. आणला, आणि भूगोलाच्या पेपराच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यावर तिला दाखवला. तिने तो एकदाच पाहिला. त्यानंतर इतकी वर्षं तिच्या दृष्टीने तो माझ्याकडे सुरक्षित होता.

पुण्याला माझा भाचा संगणकातला आहे. त्याला रात्रीच फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पहिलं म्हणजे कार्ड गाडीतून काढा आणि कडेची बारीक खिटी खाली सरकवा." ती खिटी लावली की कार्डावर नवं काही लिहिता येत नाही, हे इतकी वर्षं कार्ड वापरूनही मला माहीत नव्हतं. मग त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या शाळामास्तरी डोक्याने असं लावून घेतलं.

कार्ड म्हणजे वर्ग. त्यात फोटो म्हणजे मुलं, आपापल्या जागेवर बसलेली. आणि वर्गाच्या सुरुवातीला एक हजेरीपट असतो. कोणतं मूल कुठे बसलंय, कोणती जागा रिकामी आहे, हे त्यात लिहिलेलं. माझ्या कार्डावर होती ती पद्धत १९७० च्या दशकातली, फॅट नावाची. तिच्या नावातच वाटपाचा तक्ता आहे. आपण घरच्या संगणकावर फॉरमॅट करतो तेव्हा 'क्विक फॉरमॅट'च्या चौकटीत आधीपासूनच बरोबरची खूण असते. या क्विक फॉरमॅटमध्ये संगणक फक्त हजेरीपट फाडतो आणि नवा कोरा लावतो. मुलं वर्गात तशीच बसलेली असतात! पण पटावर नाव नाही, म्हणून संगणकाच्या लेखी वर्ग रिकामा. ती खूण मी काढली असती, तर विंडोजच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या आवृत्त्यांनी सगळ्या जागांवर शून्यं लिहून टाकली असती आणि विषय संपला असता. माझा आळस इथे कामी आला.

पण गाणी? गाणी म्हणजे नवीन मुलं. वर्ग रिकामा समजून संगणकाने त्यांना पहिल्या बाकापासून बसवलं. तिथे आधी जे बसले होते, ते कायमचे उठले. साठ गाणी म्हणजे तीनशे-साडेतीनशे एमबी. म्हणजे कार्डाचा पहिला दहावा हिस्सा गेला. आता पहिल्या बाकांवर कोण होतं? मी काठीला जाताना आधी मोलगीच्या बाजारात फोटो काढत गेलो होतो. रात्र आणि पहाट पुढची. म्हणजे नातवाच्या गाण्यांनी बाजार खाल्ला होता, होळी कदाचित वाचली होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनवरून एकेक पायरी सांगितली. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी एक प्रत संगणकावर उतरवायची आणि जे काय करायचं ते त्या प्रतीवर. मग 'फोटोरेक' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवायचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, दिसायला अगदी रूक्ष. तो हजेरीपटाकडे बघतच नाही. एकेका बाकापाशी जाऊन तोंड बघतो. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक आकड्यांनी होते. ते आकडे दिसले की फोटो सापडला म्हणायचं आणि पुढचं सगळं उचलायचं.

चहा करून आणेपर्यंत तेवीस फोटो. जेवण होईतो १३८ फोटो आणि तीन व्हिडिओ. मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या. बायको आतून म्हणाली, "मिळालं ना? आता जेवा."

मिळालं होतं, पण कसं? फोटोंची नावं गेली होती. एफ आणि पुढे सात आकडे, अशी सगळ्यांची कैद्यांसारखी नावं. एकतीस फोटो अर्धवट होते : वरचा भाग ठीक आणि खाली नुसता राखाडी पट्टा. व्हिडिओ तर आणखी वाईट. मूळचा जवळजवळ तीन मिनिटांचा असावा. सापडला त्यातले एक्केचाळीस सेकंद चालले आणि मग चित्र चौकोनाचौकोनांत फुटून थांबलं. भाच्याने कारण विचारलं, "मामा, त्या रात्री मधले काही फोटो डिलीट केले होते का?" केले होते. अंधारात हललेले फोटो काढून जागा करत होतो. म्हणजे मधले मधले बाक रिकामे झाले आणि व्हिडिओ तुकड्यांतुकड्यांत जिथे जागा मिळाली तिथे बसला. कुठला तुकडा कुठे, हे फक्त हजेरीपटाला माहीत होतं. आणि तो मी फाडला होता.

पण खरी अडचण वेगळीच. एकोणीस फोटोंत बावा होते. एकेका फोटोत तीन-तीन, चार-चार. सगळे मोरपिसांच्या टोपातले, सगळ्यांचे चेहरे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. त्या रात्री मला कुणीतरी बोट दाखवून सांगितलं होतं, की तो बघा तिचा बाप. तेव्हा ओळखला होता. आता मला यांतला तिचा बाप कोण हे सांगता येईना. ज्या माणसाच्या घरी मी भाकरी खाल्ली, तो माझ्यासमोर पडद्यावर होता आणि मला ओळखू येत नव्हता. कार्डावरचा पट एक वेळ सोडा, माझ्या डोक्यातला पट कुणी फाडला?

फोटो नुसते फोनवर पाठवून देता आले असते. पण मग फॉरमॅटची गोष्ट सांगावी लागली नसती, आणि तेच मला बरं वाटेना. धुळ्यातल्या स्टुडिओतून त्या एकोणीस फोटोंच्या प्रती काढल्या, व्हिडिओ भाच्याच्या सल्ल्याने पेन ड्राइव्हवर आणि फोनवर दोन्हीकडे घेतला, आणि महाशिवरात्रीच्या आसपास एसटीने निघालो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा. देवगोईच्या घाटात पूर्वीसारखंच पोट ढवळलं.

मुलगी मोलगीला घ्यायला आली होती. तिथेच चहाच्या टपरीवर मी सांगून टाकलं. दिवाळी, नातू, गाणी, माझं दोनदा 'हो' म्हणणं, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, आमच्या भावाच्या मोबाइलात त्यांचा आवाज होता. रात्री शेतात बसून गायचे, ते त्याने भरलं होतं. मग तो बाजारात गाणी भरायला गेला. दुकानदाराने आधी कार्डाला फॉरमॅट मारला."

तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवेल. रेंज नाही, इंटरनेट नाही, पण प्रत्येक पोराच्या मोबाइलात नखाएवढं कार्ड. बाजाराच्या दिवशी दुकानात दहा-वीस रुपये दिले की कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं. दुकानदाराला घाई, रांग मोठी. जुनं काय आहे ते कोण बघतं? आणि पोराला तरी तेव्हा कुठे ठाऊक, की बापाचं गाणं हेच पुढे जपायचं गाणं होतं.

"भाऊ अजून स्वतःला दोष देतो," ती म्हणाली. "तुम्ही त्याला तुमचं सांगा. त्याला बरं वाटेल."

एका शिक्षकाच्या वाट्याला इतकं उपयोगी पडणं क्वचित येतं.

घरी अंगणात खाट टाकली. तिची आई कामातून हात धुऊन आली, जमिनीवर बसली. मी फोटो तिच्यापुढे मांडले. मराठी तिला कळतं, पण बोलते ती भिलीतच. तिने चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. एकेक फोटो उचलून ती खालच्या बाजूला, पायांकडे बघत होती. काही क्षणांत तिने तीन फोटो बाजूला काढले आणि एकावर बोट ठेवलं. डाव्या पायाची करंगळी नव्हती. लाकूड तोडताना कुऱ्हाड लागलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, असं मुलीने मला सांगितलं. मी त्या माणसाला अकरा वर्षं ओळखत होतो. ते मला कधीच दिसलं नव्हतं.

मग तिने मला बाकीचेही सांगितले. हा अमक्या पाड्याचा, आता गुजरातला ऊसतोडीला जातो. हा वारला. हा तिच्या मामाचा मुलगा. हा ढोलवाला, याचा हात आता चालत नाही. मुलगी मराठीत सांगत होती, मी पेनाने फोटोंच्या मागे लिहीत होतो. एकोणीस फोटोंपैकी सोळांतल्या माणसांची नावं लागली. एवढी हजेरी मी शाळेत असताना एका दमात कधी घेतली नव्हती.

तीन फोटो उरले. त्यातला एक अर्धवट होता. तो मी कशाला छापून आणला मलाही माहीत नाही. पहाटेचा, होळी पेटून गेल्यानंतरचा. टोप काढून ठेवलेला एक बावा. घामाने ठिपके ओघळलेले, डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल, आणि माझ्याकडे बघून हसतोय. छातीखाली राखाडी पट्टा. पाय नाहीत, त्यामुळे आईने तो बाजूला ठेवला होता. मुलीने तो हातात घेतला आणि तिला बोलवेना. आईने वाकून पाहिलं. मग दोघी बराच वेळ त्याच फोटोकडे बघत राहिल्या. मी उठून जरा मोहाच्या झाडाकडे गेलो.

परत आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "सर, खालचं राखाडी कापून वरचा मोठा करता येईल ना?"

येईल म्हटलं.

एक्केचाळीस सेकंदांचा व्हिडिओ फोनवर सगळ्यांनी पाहिला. शेजारची पोरंही जमली. ढोल, घुंगरू, चार-पाच बावा गोल फिरताहेत, आणि मग चित्र फुटतं. भावाने तो पाच-सहा वेळा लावला. आता त्यातला बाप कोणता ते मलाही कळत होतं : डाव्या पायावर किंचित कमी भार देऊन नाचणारा. कळल्यावर तर तो मला स्पष्ट दिसायला लागला. भावाला मी माझी गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे सर लोकांचंही असं होतं."

आता थोडं शहाणपण, कारण ते न सांगता ब्लॉग संपवला तर मास्तर कसला! संगणक 'फॉरमॅट करू का' म्हणून विचारतो, तेव्हा कार्ड रिकामंच असतं असं नाही. पुष्कळदा फक्त त्याला पट वाचता आलेला नसतो. कार्ड न विचारता उपटून काढलं तरीही असं होतं, कधी रीडरमधल्या धुळीनेही होतं. 'नाही' म्हणा, दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्या संगणकावर लावून बघा. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या क्षणापासून कार्डावर काहीही नवं ठेवू नका, खिटी लावा, आणि सापडलेलं त्याच कार्डावर उतरवू नका. आणि जे जपायचं आहे त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. हे सगळं मला माहीत होतं असं तुम्ही समजला असाल तर तो तुमचा चांगुलपणा.

ते कार्ड आता मी एका पाकिटात ठेवलंय, खिटी लावून. नातवाला गाण्यांसाठी नवीन घेऊन दिलं. पाकिटावर पेनाने लिहिलंय : काठी, होळी, २०१२. आणि खाली सगळी नावं, त्या माउलीने सांगितलेल्या क्रमाने, पाड्यांसकट.

निघताना भाऊ एसटीपर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, पुढेमागे तोही पालनी धरणार आहे, वडिलांच्या नावाने. "काठीला या सर. कॅमेरा आणा."

येतो म्हटलं. आणि या वेळी फोटो काढला की लगेच, तिथेच, नाव विचारून लिहून घेणार आहे.